कामाकुराचं बोलावणं

वॉलॉंगॉंग, ऑस्ट्रेलिया,
६ मार्च १९९५

तीर्थरूप आप्पांस,
श्यामलाचा शि. सा. न. वि. वि.

युनिव्हर्सिटी सुरू झाली. प्रबंध सध्या होजो घराण्यापाशी अडलाय. सातशे वर्षांपूर्वी जपानात कामाकुराला लष्करी सरकार होतं. गादीवर शोगुन, कारभार मात्र सगळा होजोंचा. त्यांचे सरदार लांब आपापल्या शेतांवर राहत, पण कामाकुराहून बोलावणं आलं की असतील तसे घोड्यावर बसत.

वाचताना आई आठवली. माझी परीक्षा बुडू नये म्हणून तुम्ही तिचं आजारपण कळवलं नाहीत आणि मी पोचले ती तेराव्याला. ते मी विसरलेले नाही, आप्पा. आता एवढंच करा. मी हवी असले तर कार्डावर नुसतं ‘कामाकुरा’ लिहा. कारण विचारणार नाही.

माया आहेच, ती पातळ होऊ देऊ नका.
तुमची,
श्यामला


सातारा,
२६ मार्च १९९५

चि. श्यामलास अनेक आशीर्वाद.

अगं, तुझे होजो म्हणजे आपले पेशवेच की! गादी साताऱ्याला, कारभार पुण्याला. चाळीस वर्षं मी वर्गात हेच घोकून घेतलं, आणि माझी लेक ते शिकायला समुद्रापार गेली.

हात जरा कापतो, म्हणून तुझी सुनीतीवहिनी लिहून घेतेय. हल्ली दुपारी ओट्यावर बसतो. पोस्टमनची वेळ असते म्हणून नव्हे, ऊन बरं वाटतं. कामाकुरा असं मी लिहीत नाहीये, लक्षात घे. जपानवर चालून आलेल्या मंगोलांना परतवूनही त्या सरदारांना इनाम मिळालं नाही, वाटायला जमीनच नव्हती. तुला तरी इथे काय मिळणार? प्रबंध पुरा कर. तूर्त कामाकुरा वगैरे काही नाही. सुनीती म्हणते, आता पुरे. पुन्हा सांगतो, कामाकुरा नाही.

जिवाला जप, ही म्हाताऱ्याची आज्ञा.
तुझा,
आप्पा


वॉलॉंगॉंग,
७ एप्रिल १९९५

तीर्थरूप आप्पांस,
शि. सा. न. वि. वि.

‘नाही, नाही’ म्हणत तुम्ही तो शब्द तीनदा लिहवलात. खालची सही तेवढी तुमची, तीही ओळ सोडून घसरलेली.

माझ्या गाईड जुडिथबाईंना सांगितलं, प्रबंध सहा महिने लांबेल. घरून बोलावणं आलंय का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. तुमच्यावाचून मला इथे करमत नाही, हे मीच आधी लिहायला हवं होतं.

मंगळवारचं विमान आहे. इनाम नको. पत्राला बारा दिवस लागतात, मला दोन. तरी लिहितेय, कारण तुम्ही ओट्यावर वाट बघत बसणार. हे पत्र पोस्टमनच्या हातून मीच घेईन आणि तुमच्या शेजारी बसून तुम्हाला वाचून दाखवीन.

बाकी समक्ष.
तुमची,
श्यामला