येतो म्हनू नये

सोमवार, ३ नोव्हेंबर
शिवम, आजीचं नाव आठवते का, का तेबी मोबाईलमंदी पाहा लागते? वच्छला. लोनच्याची बरनी वापस आनतो म्हनला होता, ते अजून अकोल्यातच हाय. मले अक्षर येत नाही, तुही बहीन दामिनी लिहून राहिली. तिले इथं डाकबंगल्यावर नोकरी लागली, मी सोबतीले आलो. धारणीच्या पुढं, मध्यप्रदेशाच्या हद्दीवर. इंग्रजाच्या वेळचा बंगला, व्हरांड्यात आरामखुर्ची. हद्दीचा दगड अंगनातच. दात महाराष्ट्रात घासले, थुंकलो मध्यप्रदेशात.

मंगळवार, ४
नदी पाहिली, साग पाहिले. बंगल्यामांगं एका बाईची कबर हाय, तिथं हात जोडून निघालो. बंगल्यावर आल्यावर चौकीदार देवमननं सांगतलं, ती साहेबाच्या लेकरांची आया, जयवंता. विलायतेले जातानी लेकरं तिले म्हनाले, येतो. ती गेटापाशी खुर्ची टाकून बसली, मरेपर्यंत. म्हनून तिथून उठतानी 'जातो' म्हना लागते.
आधी सांगाचं ना, बाप्पा. मी तं सवयीनं म्हनून बसलो होतो, येतो बाई, उद्या नातीलेबी आनतो.

बुधवार, ५
पोरीले काम होतं, कबरीवर गेलो नाही. संध्याकाळी आरामखुर्ची गेटापाशी. देवमन म्हने, मी हात नाही लावला.

गुरुवार, ६
दामिनी उठली तं दोन वेन्या. घट्ट, तेल लावून, लाल फिती. मले वाटलं तिनं घातल्या, तिले वाटलं मी. माहे बोटं वाताने वाकडे झाले, चार वर्सं झाले वेनी घालून. दोघी हसलो. मंग हसलो नाही.

शुक्रवार, ७
आजबी वेन्या. पोरगी दिवसा झोपते, अंगठा चोखते. मी हाक मारली तं 'ओ' देते, पन पाहते गेटाकडं—

शनिवार, ८
खुर्ची तिच्या खाटेपाशी—
येतो मी म्हनलं होतं. पोरीनं नाही.
दोघी निघालो तं ती खुर्ची अकोल्यापर्यंत येईन. दुपारच्या जीपमंदी देवमन दामिनीले बसवून देते, वही तिच्याच हाती. निघतानी 'जातो' म्हनजो, असं शिकवून राहिलो. लिहिता लिहिता रडून राहिली येडी. जीप गेली का मी मांगं कबरीवर—
तिले वापस पाठवू नको. डबा जीपवाल्याच्या हाती पाठवजो. जवारीच्या भाकरी, ठेचा, अन् ते बरनी, आठवनीनं. भाकरी जराशा जास्त टाक, आता आमी दोघी—