उजव्या हातातली शंखाची बांगडी

कृष्णनगर,
२ कार्तिक

प्रिय टुनू,

माझं अक्षर पाहून दचकू नकोस, सगळे सुखरूप आहेत. सहा वर्षांनी दिदीचं पत्र आलं म्हणजे कोणीतरी गेलं असणार, असंच तुला वाटलं असेल. जाणार होते ती मीच, पण यमाला माझं वजन उचलवलं नसणार.

गेल्या महिन्यात जिना चढताना छातीत कळ आली. हे, म्हणजे तुझे जामाईबाबू, मिठाईचं दुकान उघडं टाकून मला कल्याणीच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. हृदयाच्या रक्तवाहिन्या आतून तपासायच्या ठरल्या. नर्सने वजन विचारलं, मी तोऱ्यात ब्याऐंशी सांगितलं. तिने काट्यावर उभं केलं तर सत्त्याण्णव! हे म्हणाले, "दुकानातला सरभाजा कुठे जातो ते आज कळलं." डॉक्टर लोपामुद्रा माझ्या थोरल्या मिठूएवढी पोर, पण चांगलीच रागावली. "काकीमा, औषध वजनावर ठरतं. मला फसवून कसं चालेल?"

मग ती म्हणाली, नळी उजव्या मनगटातून घालू. मला तिथेच घाम फुटला. मिठूच्या लग्नात घातलेली सौभाग्याची शंखाची बांगडी मनगटात रुतून बसली होती. साबण झाला, तेल झालं. वर सरकेना, खाली येईना. डाव्या हाताची तीच गत. शेवटी नर्स कापायचं हत्यार घेऊन आली. मी हात पोटाशी धरून बसले. म्हटलं, मांडीतून घाला हवं तर, पण नवरा जिवंत असताना हिला हात लावू देणार नाही.

लोपामुद्रा खाटेवर टेकली. "काकीमा, मांडीतली रक्तवाहिनी तुमच्या चरबीखाली खोल आहे. नंतर दाब नीट बसला नाही तर रक्त आतल्या आत साचेल आणि आम्हाला कळायला उशीर होईल. मनगटात ती कातडीखालीच असते, दाबून धरली की रक्त थांबतं. जाड माणसाला मनगटच बरं." सगळं पटत होतं गं, पण मान डोलवेना. डोळ्यांपुढे तू होतीस. बिमल गेला तेव्हा घाटावर तुझ्या बांगड्या फोडल्या, त्या वेळी तुझे हात मीच धरले होते.

तेव्हा तिने ह्यांनाच आत बोलावलं. हे माझ्यावर खेकसले, "मी इथे धडधाकट उभा आहे ना? वाढवा ती. तू गेलीस तर काय मी घालून फिरू?" सगळ्या हसल्या, मी रडले, आणि बांगडी वाढवली. एका रक्तवाहिनीत जाळी बसवली. मनगटावर पट्टा आवळला होता, तो संध्याकाळी निघाला आणि मी चालत बाथरूमला गेले. शेजारची बाई मांडीतून केलेली, ती बिचारी पाय न हलवता पडून होती.

आता छान आहे. भात वाटीने मोजून घेते, सकाळी नदीपर्यंत चालते, चांगली झोप लागते. मनगट पुरतं बरं होईपर्यंत काही घालायचं नाही, म्हणून उजवा हात तीन आठवडे मोकळाच आहे. आणि हे रोज समोर बसून मुरमुरे खातात, ढेकर देतात, माझ्या चालण्याला नावं ठेवतात. ह्यांना साधी सर्दीसुद्धा झाली नाही. तो मोकळा हात पाहिला की मला तुझी आठवण येते आणि लाज वाटते.

टुनू, मिठूच्या लग्नात वर दारात आला, तेव्हा तुला कोठीघरात मिठाई मोजायला मी पाठवलं. लोकांचं नाव सांगितलं होतं, पण लोक काही बोललेच नव्हते. विधवेची सावली नको, ही भीती माझीच होती. तू निमूट गेलीस आणि दुसऱ्या दिवशी न जेवता सिउडीला परतलीस. मी अडवलंही नाही. मला माफ कर. पुढच्या महिन्यात, अग्रहायणात, धाकट्या बुचूचं लग्न आहे. जावयाला ओवाळायचं ताट आईच्या हातात असतं, पण या वेळी ते तू धरायचंस. मी तुझ्या मागे उभी राहीन. आठ दिवस आधी ये.

तुझीच,
दिदी