दुहेरी गाठ

शनिवार, १४ ऑक्टोबर

प्रिय वन्सं,

नमस्कार. तुमचं पत्र मंगळवारीच मिळालं. उत्तराला उशीर झाला, रागावू नका. खोकला कमी झाल्याचं वाचून बरं वाटलं.

आज सकाळी पाणी भरलं, कपडे धुतले, अर्धा दिवस प्रयोगशाळेत जाऊन आले, जेवले. आता स्वयंपाकघरात ओट्याशी स्टूल ओढून लिहिते आहे. पंखा बंद आहे, पण फारसं उकडत नाही.

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. एक, तुमच्याकडे वरच्या खोलीत मी राहायला येणार की नाही. महिनाअखेरपर्यंत कळवलं नाही तर ती बँकेतल्या मुलीला भाड्याने द्यावी लागेल, हे लक्षात आहे. दुसरी, जरा रागाने, की अशी कसली ती प्रयोगशाळा जी तीन दिवस सुट्टी देत नाही, आणि तिथे मी करते तरी काय. दुसऱ्याचं आधी सांगते.

आमच्याकडे यीस्ट आहे, पाव फुगवतात ते, आणि काचेच्या कपाटात मोहरीसारखी दिसणारी छोटी रोपं. सरांचा विषय असा की पेशी आपल्या जुन्या, बिघडलेल्या प्रथिनांचं काय करते. सर फळ्यावर बाण काढून समजावतात. मी मला समजलं तसं लिहिते.

पेशीत प्रथिनं सारखी बनतात आणि सारखी मोडीत निघतात. एखादं मोडीत काढायचं ठरलं की पेशी त्याला एक बारीकशी चिठ्ठी चिकटवते. ती चिठ्ठीसुद्धा प्रथिनाचीच. एकीला दुसरी जोडून माळ करते. मग ते पिंपाच्या आकाराच्या एका यंत्रात ओढलं जातं आणि त्याचे तुकडे होतात. चिठ्ठ्या मात्र आत जाऊ देत नाहीत. त्या दारातच काढून घेतात आणि पुढच्या प्रथिनाला लावतात.

हे पहिल्यांदा ऐकलं त्या दिवशी मी घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे मिक्सर उघडून बसले होते. मान वर न करता म्हणाले, "म्हणजे तुमचं यीस्ट माझ्याकडे शिकून गेलंय."

तुम्ही ह्यांना चिंगूस म्हणायचात ते ह्या चिठ्ठ्यांवरूनच. औषधाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून केलेल्या, भोक पाडून दोरा ओवलेल्या. दुरुस्तीला वस्तू आली की पेन्सिलीने गिऱ्हाइकाचं नाव लिहायचं आणि एक गाठ मारायची. काम झालं की त्याच दोऱ्याला दुसरी गाठ. वस्तू नेताना चिठ्ठी दारातच काढून घ्यायची, नाव खोडायचं, पुढच्या वस्तूला लावायची. काही चिठ्ठ्या आमच्या लग्नाच्या वेळच्या असतील.

मोठा पसारा असला तर पेशीची रीत वेगळी आहे. विशेषतः उपासमार झाली की. आम्ही यीस्टला नत्र नसलेल्या पाण्यात सोडतो. मग पेशी स्वतःच्याच आतलं सामान थोडं थोडं गुंडाळून त्याच्या पिशव्या करते. पेशीच्या मधोमध रिक्तिका नावाची मोठी जागा असते, तिथे ह्या पिशव्या नेऊन सोडते. तिथे त्या उघडतात, आतलं विरघळतं आणि त्यातूनच नवीन काहीतरी उभं राहतं. रोपांचंही तसंच. एखाद्या पानाला चंदेरी कागद गुंडाळून अंधारात ठेवलं की झाड त्या पानातलं असेल नसेल ते काढून कोवळ्या पानांकडे पाठवतं. जुनं पान पिवळं पडून गळतं, झाड राहतं. ज्या रोपांना ही रीत जमत नाही ती अंधारात लवकर पिवळी पडतात आणि तशीच मरतात.

माझ्याकडे यीस्टचा एक वेगळा वाण आहे. पिशव्या उघडून आतलं कापणारी जी प्रथिनं लागतात, ती त्याच्यात नीट तयारच होत नाहीत. बाकी सगळं ठीक. उपाशी ठेवलं की तोही सामान गुंडाळतो, पिशव्या रिक्तिकेत नेतो. पण तिथे त्या उघडत नाहीत. येत राहतात आणि साठत राहतात. काही तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर रिक्तिका गोल गोल पिशव्यांनी भरलेली दिसते आणि त्या सगळ्या जागच्या जागी थरथरत असतात. मी सरांना विचारलं होतं की ह्या बाहेर पडायला बघतात का. सर म्हणाले, त्यांना काही कळत नाही, पाण्याचे कण त्यांना धक्के देतात एवढंच. पेशी आठवडाभरसुद्धा धड टिकत नाही. आत सगळं असूनही उपाशी मरते.

हे बघवत नाही असं लिहिणार होते. पण मी ते रोज बघते.

गुरुवारी सर माझ्यामागे येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, फोटो ऑगस्टमध्येच झाले. मोजणी झाली, वाण गोठवून ठेवला. आता कशाला ह्या बिचाऱ्यांना उपाशी मारता?" जाता जाता म्हणाले की मार्चनंतर तुम्ही एकही रजा घेतलेली नाही, सोमवारपासून हवी तितकी घ्या, अर्ज मागाहून द्या. तेव्हा प्रयोगशाळेवर रागावू नका, वन्सं. तिथून मला कोणी अडवलेलं नाही.

आता पहिल्याचं.

मे महिन्यात मी तुम्हाला लिहिलं होतं की गिऱ्हाइकांच्या वस्तू परत करते आहे. वस्तू इथेच आहेत. हे दवाखान्यात गेले त्या दिवशी जशा होत्या तशाच. पंखे, मिक्सर, शेगड्या, एक शिवणयंत्र. बाहेरच्या खोलीत मावेनात म्हणून मी त्या जुन्या चादरींत बांधून बोळात लावल्या. आता बोळातून आडवं होऊन जावं लागतं. झोपते मी स्वयंपाकघरात.

झालं असं की हे गेल्यावर दुसऱ्याच आठवड्यात एक गृहस्थ दारात आले. त्यांना काही ठाऊक नव्हतं. मिक्सर झाला का म्हणाले. माझ्या तोंडून निघून गेलं, "अजून नाही, पुढच्या आठवड्यात या." हे ह्यांचं वाक्य. तुम्हाला आठवत असेल, तुमची इस्त्री ह्यांनी ह्याच वाक्यावर वर्षभर ठेवून घेतली होती. ते गृहस्थ बरं म्हणून गेले. मी दार लावलं आणि मला वाटलं, म्हणजे काम चालू आहे.

मग त्यांच्यामागून आलेल्याला वेगळं काय सांगणार? तेच सांगितलं. पुढच्या आठवड्यात पहिला पुन्हा आला, त्यालाही तेच. हळूहळू घंटा वाजली की मी गॅस बारीक करायला लागले. भांड्याचा आवाज होऊ नये म्हणून हात तसाच धरून उभी राहते. सुट्टीच्या दिवशी पंखा लावत नाही, कारण तो जुना आहे आणि बाहेर ऐकू जातो. पावलं जिना उतरली की मग श्वास सोडते. लोक सुट्टीची वाट बघतात. मी सोमवारची बघते.

आज दुपारी घंटा वाजली आणि मी दार उघडलं. का ते सांगता येत नाही. समोरच्या गल्लीतल्या शिवणकामवाल्या बाई होत्या. त्यांची मोठी इस्त्री आमच्याकडे आहे. दर शनिवारी येतात. मी तोंड उघडणार एवढ्यात त्याच बोलल्या.

"वहिनी, 'पुढच्या आठवड्यात' म्हणू नका. हा जिना चढून माझे गुडघे तुमच्या नावानं बोंबलतात."

मी म्हणाले, अजून झाली नाही.

"कोण करणार आहे?" त्या म्हणाल्या. मग जरा हळू, "भाऊ गेले ते आम्हाला त्याच आठवड्यात कळलं. अख्ख्या गल्लीला माहीत आहे. तुम्ही या म्हणता म्हणून येतो."

मी विचारलं, इतके महिने इस्त्रीविना काम कसं चालवलं. म्हणाल्या, दुसरी केव्हाच घेतली. ह्या इस्त्रीसाठी येत नव्हते.

मी बोळात गेले. तिसरं गाठोडं सोडलं, इस्त्री काढून आणली. त्यांनी चिठ्ठी हातात धरून पाहिली. जुनं गिऱ्हाईक, त्यांना ह्यांची सगळी रीत ठाऊक. "गाठ दुहेरी आहे," म्हणाल्या. "म्हणजे झालेली होती?"

"हो."

"केव्हापासून?"

"पहिल्यापासून."

त्या स्टुलावर बसल्या, पाणी प्यायल्या. मग स्वतःच दोरा सोडवला, चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली, कारण ती दारातच द्यायची असते, आणि इस्त्री काखोटीला मारून जिना उतरल्या. अर्ध्या जिन्यातून ओरडल्या, की आता मी कशाला येऊ, आता तुम्ही या.

वन्सं, निम्म्याहून जास्त वस्तूंना दुहेरी गाठ आहे. हे मला मार्चमध्येच दिसलं होतं. बिघडलेली वस्तू कोणीही दुसरीकडे नेऊन दुरुस्त करील. पण झालेल्या वस्तू ह्यांच्या हातच्या शेवटच्या. त्या दिल्या की ह्यांचं काम संपलं, असं मला वाटत होतं. अजूनही वाटतं. आता इस्त्रीच्या जागी बोळात भिंत दिसते आहे आणि मी तिकडे पाठ करून बसले आहे.

दुहेरी गाठीच्या वस्तू ह्या आठवड्यात देईन. एकेरी गाठीच्या लोकांना "होणार नाही" हे तोंडाने सांगावं लागेल. ते अजून एकदाही म्हटलेलं नाही. तुम्हाला लिहिते आहे ते पहिलं. सोमवारी रजा टाकते.

खोली त्या मुलीला देऊ नका. मी येते. किती दिवस राहीन ते तिथे आल्यावर बघू. ह्यांचा कोट तुम्ही मागितला होता, तो बरोबर आणते. त्याच्या खिशात दोऱ्याचं रीळ आहे, ते मात्र माझ्याकडे राहू द्या.

इस्त्रीची चिठ्ठी समोर आहे. नाव ह्यांच्या अक्षरात आहे, ठसठशीत. ह्यांना पेन्सिल दाबून लिहायची सवय. त्याखाली आधी खोडलेल्या नावांचे खळगे बोटाला लागतात, कोणाकोणाचे कोण जाणे. खोडरबर ह्यांच्या डब्यातून काढून आणलं आहे. पत्र बंद करते, नाव खोडते आणि पंखा लावते.

तुमची
वहिनी