पहारेकऱ्याचा आवाज

३ जून, मंगळवार
आजपासून ही वही. कारण एकच. मला संशय आहे, आणि तो ज्याला सांगावा असं विश्वासाचं माणूस उरलेलं नाही. वहीला तोंड नसतं, तेवढं बरं.

आमच्या स्टुडिओत सध्या एका परदेशी मालिकेचं डबिंग चालू आहे. जहाज फुटतं, एकोणीस जण वाचून एका बेटाला लागतात, आणि दुसऱ्याच दिवशी त्यांच्यात दोन तट पडतात. किनाऱ्यावरचे आणि कड्यावरचे. कड्यावरच्यांचा पुढारी कप्तान, त्याला आवाज खर्जाचा. (खर्जा म्हणजे माझा बावीस वर्षांपासूनचा मित्र. गळा खाली विहिरीत असल्यासारखा, म्हणून सगळे खर्जा म्हणतात.) कप्तानाच्या गुहेबाहेर न झोपता उभा असतो तो एकनिष्ठ पहारेकरी. त्याला आवाज माझा. बेटावर कुणीतरी फितूर आहे. तो कोण, हे आम्हालाही ठाऊक नाही, कारण प्रत्येकाला आपापल्या वाक्यांचेच कागद मिळतात. अर्थात मी सतत कप्तानाच्या मागे उभा, त्यामुळे पडद्यावर मला बरंच दिसतं.

मुद्दा वेगळाच आहे. पुढच्या भागाची गोष्ट आधीच नेटवर फुटते आहे. चॅनलचं पत्र आज बोर्डावर लागलं. फोडणारा सापडला की त्याच दिवशी मालिकेतून बाहेर. म्हणजे फितूर बेटावर आहे तसा स्टुडिओतही आहे.

निश्चय: तो मी शोधणार. या लाइनमध्ये बावीस वर्षं काढली, पण माझ्या तोंडून एक अक्षर बाहेर गेलेलं नाही.

५ जून, गुरुवार
कवळी बसवून पंधरा दिवस झाले. डेंटिस्ट म्हणाला होता, बोलणं सुधारायला महिना-दोन महिने लागतील. माझं दुसऱ्याच दिवशी सुधारलं. उलट आवाजाला वजन आलंय.

आज एका वाक्यासाठी रेकॉर्डिस्टनं मला अकरा वेळा थांबवलं. (याला सगळे हेडफोन म्हणतात. जेवतानाही काढत नाही.) वाक्य होतं, कप्तानसाहेब, समोरून सात सावल्या सरकतायत. त्याचं म्हणणं, प्रत्येक 'स'ला शिट्टी येते आणि शेवटी टक् असा आवाज होतो. मी त्याला मशीन तपासायला सांगितलं. जुनं झालंय.

मॅडम, म्हणजे आमच्या डायरेक्टर, काचेपलीकडून म्हणाल्या, असू दे, नंतर बघू. या बाईंनी आयुष्यात कधी 'नंतर बघू' म्हटलेलं नाही. एका स्वल्पविरामासाठी माणसाला तास तास उभं करतात. कुठंतरी पाणी मुरतंय.

८ जून, रविवार
मेव्हणा आला होता. दर रविवारी येतो. त्याला मालिकेचं भारी वेड. शुक्रवारच्या भागात काय होणार ते सांगितलं, पण आधी शपथ घ्यायला लावली. माझं काम चोख असतं. ऐकताना तो फोनवर सारखं काहीतरी टाइप करत होता. विसरू नये म्हणून, असं म्हणाला. एवढ्या आस्थेनं हल्ली ऐकतं कोण?

चारशे लोकांचा फॅन ग्रुप चालवतो बिचारा. पण घरचं बोलणं आणि ग्रुप या दोन गोष्टी तो वेगळ्या ठेवतो. स्वतःच म्हणाला.

१० जून, मंगळवार
निरीक्षणाला सुरुवात. स्टुडिओतही सरळ दोन तट आहेत. सोफ्यावर बसणारे आणि जिन्यावर बसणारे. सोफेवाले ए.सी. वाढवतात, जिनेवाले येऊन कमी करतात. मी आत गेलो की मालिकेतल्या नर्सला आवाज देणारी बाई बोलता बोलता थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघते. डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे. मी तिचं नाव यादीत घातलं.

खर्जा दोन्हीकडे बसतो. थर्मासमधला चहा सोफ्यावर अर्धा, जिन्यावर अर्धा. बेटावरचा अनुभव असा की दोन्ही तटांचं पाणी पिणारा माणूस धोक्याचा. तरी त्याचं नाव यादीत घातलं नाही. मित्र आहे. पेन्सिलीनं घातलं.

१३ जून, शुक्रवार
आठ वाजता हिच्याबरोबर भाग बघितला. माझा आवाज काय लागलाय! सात सावल्या सरकल्या, एकीलाही शिट्टी नाही. म्हणजे दोष हेडफोनच्या मशीनचाच होता, सिद्ध झालं. ही म्हणाली, तुमचा आवाज थोडा वेगळा वाटतोय. मी म्हटलं, टी.व्ही.चा स्पीकर.

पण नेटवर ही सगळी गोष्ट रविवारीच आलेली होती. मी ती नीट वाचली आणि धागा सापडला. त्यात लिहिलंय, कप्तान वाळूत फतकल मारून बसतो. फतकल हा शब्द आमच्या कागदात कुठंच नाही. हा शब्द वापरण्याची सवय मला आहे. म्हणजे लिहिणारा माणूस माझ्या रोजच्या बोलण्यातला हवा, माझे शब्द उचलणारा. असा माणूस एकच.

पेन्सिलीवर पेन फिरवलं.

१७ जून, मंगळवार
झोपण्याआधी हे लिहून ठेवतो.

चष्मा स्टुडिओत विसरला म्हणून सहा वाजता परत गेलो. सगळे गेले असणार असं धरून चाललो होतो. बघतो तर लाल दिवा चालू. काचेतून डोकावलो. माइकसमोर खर्जा. आणि पडद्यावर कप्तान नाही. माझा पहारेकरी! बाहेर आवाज येत नाही, पण पहारेकऱ्याचे ओठ हलले की खर्जाचे हलत होते. मॅडम मान डोलवत होत्या. हेडफोननं अंगठा दाखवला. मला आजवर त्यानं एकदाही अंगठा दाखवलेला नाही.

तिघंही सामील. माझा रोल चोरला जातोय.

चष्मा तिथंच ठेवून आलो. याच माणसानं मला या लाइनमध्ये आणलं. वडील आजारी होते तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर माझ्याबरोबर चौदा दिवस बसला. आणि आता केसानं गळा कापतोय. फार वाईट वाटलं. जेवलो नाही. म्हणजे थोडं जेवलो.

१८ जून, बुधवार
सरळ विचारायचं असं रात्री ठरवलं होतं. सकाळी विचार बदलला. बेटावर सरळ विचारणारे तिसऱ्याच भागात मेले.

त्याऐवजी सापळा लावला. सहज विचारल्यासारखं विचारलं, काल संध्याकाळी कुठं होतास? म्हणाला, घरी, लवकर झोपलो. धडधडीत खोटं. वर काळजी दाखवायला विचारलं, दात दुखतात का. म्हणाला, रोज सकाळी वीस मिनिटं मोठ्यानं वाचत जा, जिभेला सवय होईल, घाई करू नकोस. मला वाचायला शिकवतो. मी हसलो. फसवं हसायला मलाही येतं.

नंतर त्यानं खिशातून माझा चष्मा काढून दिला. सोफ्याखाली पडला होता म्हणे.

२० जून, शुक्रवार
सकाळी ११.४०ला काम केलं.

चॅनलला निनावी ई-मेल पाठवला. पाच ओळी, मोजून-मापून. गोष्ट फोडणारा माणूस कप्तानाचा आवाज आहे, पुरावा म्हणून फतकल हा शब्द, आणि शेवटी, आपला एक हितचिंतक. कुणाला कळायची सोय ठेवली नाही. ही फितुरी नव्हे. पहाऱ्यावरच्या माणसानं धोका दिसताच हाक द्यायची असते.

मन हलकं झालं. दुपारी झोप मात्र लागली नाही. उकडत होतं.

२३ जून, सोमवार
चॅनलचे दोघे आले. खर्जाला आत बोलावलं. पंधरा मिनिटं. ऐकलं ते असं की त्यानं स्वतःच्या बाजूनं एक शब्द काढला नाही. त्यांनी एक कागद दाखवला, तो वाचला, आणि म्हणाला, ठीक आहे, मी जातो. निर्दोष माणूस असा गप्प बसतो का?

कप्तानाला आता नवा आवाज. कॉलेजातून कालच सुटल्यासारखा वाटतो. चॅनलवाले गेल्यावरही खर्जा तीन तास आतच होता. एक थर्मास आणि एक शाल आवरायला माणसाला तीन तास लागतात? बाहेर आला तेव्हा घसा बसलेला होता. माझ्यासमोर थांबला. मला वाटलं, नजर चुकवेल. पण बराच वेळ डोळ्यांत बघत राहिला. निर्ढावलेला. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, वाचन सोडू नकोस.

जिन्यावरचे आणि सोफ्यावरचे सगळेच उठून त्याला खालपर्यंत सोडायला गेले. मी वर थांबलो. कुणीतरी पहाऱ्यावर हवं.

२७ जून, शुक्रवार
आजचा भाग छान झाला. माझा आवाज उत्तम.

गोष्ट मात्र पुन्हा फुटली. खर्जा जाऊन चार दिवस झाले तरी. जाता जाता काहीतरी पेरून गेला असणार. मेव्हण्याला हे बोलून दाखवलं तर तो म्हणाला, शंभर टक्के, तोच. मेव्हण्याला माणसांची पारख आहे.

३० जून, सोमवार
मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. मला वाटलं, कप्तानाचा रोल.

बसायला सांगितलं आणि माझी गेल्या आठवड्यातली वाक्यं ऐकवली. नुसती, जशी बोललो तशी. आमच्या घरचा कुकर बरा म्हणायचा. दर 'स'ला शिट्टी, आणि वाक्य संपलं की टक्. मी म्हटलं, मशीन. त्या म्हणाल्या, नवं आहे. मशीन महिन्याभरापूर्वीच बदललंय म्हणे.

मग त्यांनी सांगितलं. जसं सांगितलं तसं लिहितो. दात बसवल्यावर पहिल्याच आठवड्यात चॅनलनं मला काढायला सांगितलं होतं. खर्जानं हातापाया पडून थांबवलं. रोज काम संपल्यावर मागे राहून, माझ्या पट्टीत गळा लावून, माझं प्रत्येक वाक्य त्यानं पुन्हा म्हटलं. महिनाभर. मला कळू द्यायचं नाही, ही त्याची अट. त्याच्या मनाला लागेल, म्हणाला. जीभ बसली की आपोआप सुटेल प्रश्न, म्हणाला.

आणि त्यांनी एक कागद पुढे केला. माझा निनावी ई-मेल. आपला एक हितचिंतक. त्याच्या खाली, भारदस्त आवाजासाठी एकच ठिकाण, मग माझं पूर्ण नाव, मोबाइल नंबर आणि घरचा पत्ता. फोन या चार ओळी प्रत्येक ई-मेलखाली आपणहून चिकटवतो. मीच तसं सेटिंग करून ठेवलं होतं, दोन वर्षांपूर्वी.

त्या दिवशी खर्जाला दाखवलेला कागद हाच. तो वाचल्यावर खर्जा तीन तास आत बसला आणि पुढच्या तीन भागांतली माझी सगळी वाक्यं बोलून गेला. ते ११ जुलैपर्यंत पुरतील. त्यानंतर पहारेकऱ्याला दुसरा आवाज.

मी मॅडमना म्हटलं, मला विश्रांती हवीच होती.

४ जुलै, शुक्रवार
चॅनलला पत्र लिहायला घेतलं. की खर्जाचा काही दोष नाही. खर्जाचा नाही तर कुणाचा, असं ते विचारणार. त्याचं उत्तर तयार करून मग पाठवावं. कच्चं लिहून ठेवलं आहे.

खर्जाला भेटायलाही जायचं आहे. रविवारी नक्की.

६ जुलै, रविवार
मेव्हणा आला. पुढं काय म्हणून मागे लागला. आज मी त्याच्या फोनकडे नीट बघितलं. मी बोलत होतो आणि त्याच्या अंगठ्याखाली माझंच वाक्य उमटत होतं, अगदी फतकलीसकट.

त्याला काही बोललो नाही. सासरचं माणूस. शपथेची आठवण करून दिली, तर म्हणाला, मी कुणालाच सांगितलं नाही, फक्त ग्रुपवर टाकलं. त्यानं फारच आग्रह केला म्हणून शेवटचा थोडा भाग सांगितला. थोडाच.

त्यामुळे खर्जाकडे जायला उशीर झाला. पुढच्या रविवारी.

११ जुलै, शुक्रवार
पहारेकऱ्याचा मोठा सीन. कप्तान सगळ्यांसमोर त्याच्यावर फितुरीचा आळ घेतो आणि त्याला खाली किनाऱ्यावर हाकलतो. पहारेकरी भांडत नाही. भाला खाली ठेवतो आणि म्हणतो, साहेब, तुमचा विश्वास बसत नसेल तर नसू दे, पण आज रात्री इथं कुणालातरी उभं करा, तुम्ही एकटे झोपू नका.

ही रडली. पदरानं डोळे पुसून म्हणाली, बावीस वर्षं तुमचं काम ऐकतेय, आज पहिल्यांदा तुम्ही आतून बोललात असं वाटलं. मी बरं म्हटलं. मग म्हणाली, कुणाला डोळ्यांसमोर ठेवून बोललात? मी म्हटलं, खर्जाला. हे खोटं नव्हतं, निदान अर्धं.

ती म्हणाली, मग आत्ता फोन करून सांगा त्यांना, बरं वाटेल. फोन आणून हातात दिला आणि समोर बसली. लावावाच लागला. दोनदा वाजला आणि पलीकडून हॅलो आलं. आत्ता टी.व्ही.त ऐकला तोच गळा. पुन्हा हॅलो म्हणाला. मग माझं नाव घेऊन म्हणाला, बोल.

मी फोन ठेवला. हिला सांगितलं, उचलत नाहीये.