बुधरीबाईची कोंबडी

आलापल्ली, ६ डिसेंबर १९५५

प्रिय सगुणास प्रभूमध्ये सप्रेम सलाम,

ताप उतरला, मी ठणठणीत आहे. आई जेवतात ना?

रविवारी चर्चमध्ये कापणीचा सण झाला. दानांच्या लिलावात मी बुधरीबाईनं देवाला वाहिलेली तिची एकुलती एक कोंबडी नाताळाच्या बसभाड्यातून घेतली आणि मोठ्या ऐटीत तिलाच परत दिली. बाई भडकली. "मास्तर, देवाले देल्लं ते वापस घेऊ काय? मले भिकारीन समजला?" कोंबडी पुन्हा लिलावात! मास्तर बोली लावतोय म्हटल्यावर दुसरा कोण लावणार? पुन्हा मीच घेतली.

नाताळाला येतोच, मिळेल तिथवर बैलगाडी, उरलेलं पायी. कोंबडी सोबत आणतोय. कापू मात्र नकोस, ती दोनदा देवाला वाहिलेली आहे.

तुझाच,
दानियल