साखरपुड्यातून पुसलेली दोन माणसं

मुरुड, जि. लातूर
मंगळवार

तीर्थस्वरूप श्रीमंतदादा यांना मुरुडहून तुमच्या मावसबहिणीचा, अंबिकाचा, शरणु शरणार्थी, म्हणजे नमस्कार.

वहिनींची पाठ आता कशी आहे? त्यांना पाण्याच्या घागरी उचलू देऊ नका, आणि तुम्ही स्वतः उचलल्यात तर मला पत्राने कळवा. आईला खरं वाटणार नाही, म्हणून ते पत्र मी पुरावा म्हणून जपून ठेवीन. इकडे आई, अप्पा आणि म्हैस सुखरूप आहेत. माझा भाऊराया सोमेशही सुखरूप आहे, पण हल्ली त्याला तसं विचारलं की तो फोनविषयी बोलायला लागतो, म्हणून कुणी विचारत नाही. मी फोन करायचा सोडून पत्र का लिहिते आहे, याचं तुम्हाला नवल वाटेल (तुम्ही स्वतः पोस्टात नोकरीला असूनही). दादा, आमच्या घरात सध्या फोन हातात घेतला तरी माणूस कोणत्या पक्षाचा ते ठरतं. कागदाला अजून पक्ष नाही.

तुम्हाला साखरपुड्याला रजा मिळाली नाही, म्हणून सगळं मुळापासून सांगते. नांदेडच्या शिवांशचं स्थळ ठरलं, तेव्हा मी दोन्ही घरांसमोर उभी राहून अटी वाचून दाखवल्या. हुंडा नाही, टोपी-टॉवेल नाही, साड्यांची देवघेव नाही, रुसणं नाही आणि रुसलेल्याची समजूत काढणं नाही. (आत्या त्याच जागी रुसल्या, पण अट असल्यामुळे त्यांची समजूत कुणी काढली नाही.) शिवांश म्हणाला, याहूनही साधं करता येत असेल तर करू. मला तो त्या वाक्यालाच आवडला, हे फक्त तुम्हाला सांगते. लग्नात भांडायला लागणाऱ्या सगळ्या गोष्टी मी अशा आधीच काढून टाकल्या होत्या. पण भांडायला काहीच उरलं नाही तर माणसं नवीन शोधतात, हे बी.एस्सी.च्या एकाही सेमिस्टरला शिकवलं नव्हतं.

शिवांशकडे आयफोन आहे. त्याने ते लपवलं नव्हतं. मीच सोमेशला सांगितलं नव्हतं. आपल्या सोमेशचं बसस्थानकासमोर मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, आणि अँड्रॉइडविषयी त्याच्या भावना तुम्हाला माहीतच आहेत (दिवाळीला तुम्ही सहज काहीतरी बोललात आणि तो अर्ध्या फराळातून उठला होता). तर साखरपुड्याची गव्हाच्या गोड हुग्गीची आणि भाताची पंगत उठली, दोन्ही घरांचा एकत्र फोटो निघाला, आणि शिवांशने कौतुकाने फोटोतला मागचा विजेचा खांब बोटाने पुसून दाखवला. सगळे वा वा म्हणाले. सोमेश म्हणाला, “दाजी, ह्ये आमच्याकडं कवाच आलंय. तुमच्यावाल्यांनी आमचं बघून उचललंय.” शिवांश हसत म्हणाला, “अन् तुमच्यावाल्यांनी आमची पडद्यावरची कॅमेऱ्याची खाच उचलली, ती काय प्रसाद म्हणून?” इथपर्यंत ठीक होतं. पुढे विजेट कुणाचं, तोंड बघून कुलूप उघडणं कुणाचं, चार्जरचं भोक कुणी कुणाच्या नादाने बदललं, असं करत दोघं अंगणाच्या दोन टोकांना गेले आणि तिथून ओरडायला लागले. आई म्हणाली, “पलीकडचा आवाज येतो ना दोन्हीतनं? मंग झालं की.” तिच्याकडे दोघांनीही दयेने पाहिलं.

मग सोमेश म्हणाला, खांब काय कुणीही पुसेल, मी माणूस पुसून दाखवतो. त्याने मागच्या रांगेतला एक पांढऱ्या टोपीचा माणूस असा सफाईने पुसला की तिथे मागची भिंतसुद्धा आपोआप भरून आली. शिवांशनेही इरेला पेटून आपल्या फोनमधल्या फोटोतला फेटेवाला माणूस पुसला. कुणाचं काम सरस हे लोकांनीच ठरवावं म्हणून दोघांनी दोन्ही फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकले. पांढरी टोपी म्हणजे शिवांशचे मलप्पाकाका, ज्यांनी हे स्थळ आणलं. फेटा म्हणजे आपले अप्पा.

दुसऱ्या दिवशी ग्रुपवर मलप्पाकाकांचा आवाज आला. “म्या तिथं दोन वाट्या हुग्गी खाल्ली. वरून तूप मागून घेतलं. अन् फोटूत म्या न्हाई? मंग ती हुग्गी कुणी खाल्ली? लग्नाची तारीख काढायला म्या येणार होतो. जो माणूस साखरपुड्यातच न्हाई, तो तारीख कशी काढंल?” त्यानंतर तीन आठवडे तारीख निघाली नाही. शिवांश रोज मला सांगायचा, काकांना समजावतो, आणि मग त्याच दमात, पण ते फीचर आमचंच चांगलं आहे. दादा, मला पहिल्यांदा भीती वाटली. अटी घालून आणलेलं लग्न एका खांबापायी जातंय की काय असं झालं.

अप्पा म्हणाले, “तुला शिकवली कशापायी? बस अन् निकाल लाव.” घरातल्या पहिल्या पदवीधराला हे नाही म्हणता येत नाही. मी आठ दिवस शंभरपानी वहीत दोन रकाने करून कुणी कुणाचं काय उचललं त्याची टाचणं काढली, तारखांसकट. रविवारी ओसरीत दोन्ही घरं बसली. अप्पा स्वतः नांदेडला जाऊन मलप्पाकाकांना घेऊन आले होते. मी उभी राहून निकाल वाचला: अकरा गोष्टी ह्यांनी त्यांच्या घेतल्या, अकरा त्यांनी ह्यांच्या, आणि बऱ्याचशा दोघांनीही अशा कंपन्यांच्या घेतल्या ज्या आता फोन बनवतच नाहीत. मला वाटलं टाळ्या पडतील. सोमेश आणि शिवांश आयुष्यात प्रथमच एका बाजूला आले, आणि ती बाजू माझ्याविरुद्ध होती. “हिला यातलं काय कळतं?” हे वाक्य दोघांनी एकाच वेळी उच्चारलं.

तो गोंधळ चालू असताना अप्पांनी मलप्पाकाकांपुढे शिवांशने पुसलेला दुसरा फोटो धरला. “ह्यो बघा, पावणं. ह्यात म्या न्हाई.” काकांनी चष्मा लावला, फोटो लांब धरला, जवळ धरला. “म्हंजी पोरीचा बापच न्हाई?” “न्हाई.” “मंग तुमचं तर माझ्यापरीस वाईट झालं की हो!” एवढं बोलून त्यांनी चहा मागितला. तो पिता पिता दोघांनी पंचांग उघडलं, पुढच्या महिन्याची बारा तारीख काढली, आणि अप्पा काकांना परत पोचवायला निघाले तेव्हा लातूरला उतरून एका स्टुडिओत दोघांचाच जोडफोटो काढून घेतला. त्याची फ्रेम आता आमच्या दारावर टांगली आहे. माझ्या वहीकडे कुणी पाहिलंही नाही, तरी लग्न वाचलं, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही.

वहिनींना नमस्कार, लेकरांच्या डोक्यावरून हात फिरवा. लग्नाला सगळ्यांनी यायचं आहे, हे सांगावं लागू नये.

तुमची,
अंबिका

ता. क. : पत्राचं खरं कारण लिहायचं राहिलंच. कानपिळीची भेटवस्तू मी अटीत बंद केली आहे, पण कानपिळी बंद करायची माझ्या ध्यानात आली नाही. सोमेश सगळ्या मुरुडला सांगत फिरतोय, “दाजीचा कान धरला की ‘आम्ही उचललं’ असं मांडवात म्हणवून घेतल्याबिगर सोडत न्हाई.” शिवांश म्हणतो, कान हातात आला तरी म्हणणार नाही. मलप्पाकाका पहिल्या रांगेत असतील. दादा, कान नवरीच्या भावाने पिळायचा असतो आणि तुम्ही सोमेशपेक्षा थोरले भाऊ आहात. या वेळी रजा काढाच. तुम्ही कानाला हात घातलात तर सोमेशला मागे सरावंच लागेल.

ता. क. २ : दोन दिवस आधी या, आणि यातलं सोमेशला कळू देऊ नका.

ता. क. ३ : कान हळू पिळा. पण ते अकरा-अकरा मी वाचताना ऐनवेळी शिवांशचा उतरलेला चेहरा पाहून केले होते. वहीतले खरे आकडे चौदा आणि आठ आहेत, आणि चौदा वेळा त्यांच्या आयफोनने आपल्या अँड्रॉइडचं उचललंय. तेव्हा कान सोडण्याआधी त्याच्याकडून एकदा कबूल करून घ्या. फक्त तुम्हाला आणि शेजारी उभ्या असलेल्या मला ऐकू येईल एवढ्याच आवाजात.