बदामातली जोडी

आप्पा, रविवारी अकरा वाजता माझी फिल्म कळंबच्या कॉलेजात दाखवणार, हे पक्कं झालं. कार्यक्रम ठरवणाऱ्या सरांनी आज दुपारी फोन करून तसं सांगितलं. "मॅडम, पोस्टरवर नुसतं 'लघुपट' छापलंय. पुढचं लिहिलं असतं तर हॉल मिळाला नसता," म्हणाले. पुढचं म्हणजे, त्या दिवशीच्या सगळ्या फिल्म बाईवर जीव जडलेल्या बायकांच्या आणि पुरुषावर जीव जडलेल्या पुरुषांच्या आहेत. माझीही त्यातलीच. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, हे पत्र कुठं टाकायचंही नाही, तरी एवढं लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. माझं आयुष्य वर्तमानपत्रात गेलं. दुसऱ्या कुणाबद्दल हेच वाक्य मी चहा पीत लिहिलं असतं.

फिल्म छोटी आहे, तिच्यात कुणी बोलत नाही. तुम्ही लोकांच्या लग्नांत काढलेल्या कॅसेटींतूनच ती केली. गाणी काढून टाकली, फक्त जनरेटरची घरघर ठेवली. तुमचा कॅमेरा पंगतीवरून फिरतोय. हॅलोजनचा उजेड तोंडावर आला की माणसं घास हातात धरून थांबतात, कुणी पदर सारखा करतं, कुणी हसतं, कुणी मान खाली घालतं. गाण्याशिवाय पाहिलं की वाटतं, चारचौघांत आपण कोण म्हणून दिसावं हे प्रत्येकजण त्या उजेडात घाईघाईनं ठरवतोय. तुमचा नियम होता, पंगतीतला एकही चेहरा गाळायचा नाही. गाळला की "आमचं मामा कुठं हायत?" म्हणून लोक दुकानात भांडायला यायचे.

कॉलेजच्या सुट्टीत येरमाळ्याच्या एका लग्नात तुम्ही दुसरा कॅमेरा माझ्या हाती दिला होता. नंतर आपण स्टुडिओत मिक्सिंगला बसलो आहोत, पंखा कुरकुरतोय, आणि तुम्ही मध्येच टेप थांबवता.

"ही कोण?"

"करवली."

"आन् नवरी?"

मी कॅसेटींच्या डब्या रचायला लागते.

"म्या तांदूळ टाकणाऱ्या वऱ्हाडावर होतो, नवरी तुझ्याकडं दिली होती. तिकडं मंगळसूत्र घालतेत, आन् तुझा कॅमेरा करवलीच्या मानंवर. नवरीच्या बापाला काय दाखवू? मान?"

मी हसण्यावारी न्यायला बघते, तुम्ही हसत नाही. आधी पडद्याकडे बघता, मग माझ्याकडे, जरा जास्तच वेळ. मग त्या मानेवर एक मोठा गुलाबी बदाम आणून बसवता, त्यात नवरानवरीचा फोटो, वर गाणं. "झाकलं. आता कुणाला दिसायचं न्हाय," म्हणता. बदामाच्या कडेनं तिची वेणी तेवढी दिसत राहिली. ती तुम्ही तशीच सोडलीत. पुढं आईनं माझ्या लग्नाचा विषय कितीदा काढला, तुम्ही एकदाही नाही. तुम्ही ते नवरीच्या बापासाठी झाकलं की माझ्यासाठी, हे मला अजून ठरवता येत नाही.

तो बदाम मी फिल्ममध्ये तसाच ठेवलाय, वेणीसकट. आतला फोटो तेवढा काढला आणि तिथं मी आणि माझी जोडीदार, अशा दोघी बसलो. ती येरमाळ्याजवळच्या वाशीला शाळेत शिकवते. बरीच वर्षं आम्ही एका घरात राहतो. घरमालकाला मैत्रिणी म्हणून ठाऊक. मी तिचा चेहरा धूसर करून ठेवला होता. तिनं पाहिलं आणि भडकली.

"पंगतीतला चेहरा गाळायचा न्हाय म्हणतीस, आन् माझाच पुसलास व्हय गं?"

"शाळेत कळलं तर?"

"कळंल. तुझं थोबाड मोठं झकास दिसतंय, आन् माझा नुसता डाग. काढ ते आधी."

काढलं. सोमवारी ती वर्गात जाईल, तोवर गावात किती जणांनी किती जणांना सांगितलेलं असेल? ती मात्र समोर बसून वह्या तपासतेय, आणि चुका काढताना गुणगुणतेय.

पण जास्त धास्ती आईची आहे. तिला मी सांगितलं होतं की फिल्म तुमच्या कॅसेटींवर आहे. खोटं नाही, पण पुरतंही नाही. तिनं ते अख्ख्या गल्लीत सांगितलं. आज संध्याकाळी तिचा फोन आला.

"आमी चौघी येणार बघ. सगळ्या इचारतेत, आमचं लगीन घेतलंय का म्हणून."

"थोडं थोडं घेतलंय सगळ्यांचं."

"आन् ह्यांचा बदाम? लई हौस होती त्यांना बदामाची."

"घेतलाय."

"त्यात कुणाला बसवलंस?"

"मी हाय."

आई खळखळून हसली. "आगं बया! एकटीच? बदामात एकटं कुणी बसतं व्हय? जोडीला कोण हाय?"

मी हॅलो, हॅलो म्हटलं, आवाज येत नाही म्हटलं आणि फोन ठेवला. आवाज चांगला येत होता, आप्पा. तिच्या मागची पिठाची गिरणीसुद्धा ऐकू येत होती. रविवारी ती सकाळच्या पहिल्या एसटीनं येईल आणि कळंबच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या, बाकीच्या तिघींसमोर, तेच विचारील. त्यांना घ्यायला आम्ही दोघी जाणार आहोत.